हजेरीमास्तरांचे दहा श्वास

कुणीही हाक मारलेली नसताना हजेरीमास्तर ओ द्यायचे. रोज नाही. वर्षातून एकदाच, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला. बोलता बोलता मध्येच थांबायचे, मान खिडकीकडे वळवायचे आणि शाळेतल्या पोरानं हजेरी द्यावी तशा स्वच्छ आवाजात म्हणायचे, "हाव. हाय मी हितं." मग आमच्याकडे वळून अर्धवट सोडलेलं वाक्य जिथल्या तिथं उचलायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं.

मास्तर मूळचे धर्माबादचे. नांदेडच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले आणि इतवाऱ्यात एका पिंजाऱ्याच्या दुकानावरच्या माडीत एकटेच राहणारे. लग्न केलं नव्हतं. का म्हणून विचारलं तर सांगायचे, "चळवळीत टाइम भेटला न्हाई. टाइम भेटला तवा पोरगी भेटली न्हाई. आन पोरगी भेटली तवा तिला माझं बोलनं सोसलं न्हाई." यातलं शेवटचं कारण खरं असावं, कारण मास्तरांचं बोलणं कधी एका वाक्यात संपलेलं कुणी ऐकलं नव्हतं. दर रविवारी दुपारी त्या माडीत त्यांचा अभ्यासवर्ग भरायचा. मी हिमायतनगरहून शिकायला आलेली, हॉस्टेलवर राहणारी. मैत्रिणीनं मला तिथं नेलं ते समाजवादासाठी नव्हे. मास्तर सुशीला फार छान करायचे. चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून, वर भरपूर शेंगदाण्याचा कूट. जानेवारी असला की सोबत तुरीच्या उकडलेल्या शेंगा.

वर्गाचा विषय मात्र वर्षानुवर्षं एकच: जगभरातल्या समाजवादी तरुणांच्या चळवळीचा इतिहास. नांदेडच्या पोरांना याचं काय करायचं, असं आम्हीच त्यांना विचारायचो. मास्तर ऐकून घ्यायचे आणि सुरू करायचे. तो इतिहास ते घरातल्या भाऊबंदकीसारखा सांगायचे. युरोपातल्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून राबणारी, मालकाचा मार खाणारी पोरं एकत्र आली, त्यांनी देशादेशांच्या संघटना एकमेकींना जोडल्या. आणि मग पहिलं महायुद्ध पेटलं. "तवा मोठ्या मान्सांचे पक्ष गेले आपापल्या सरकारच्या मांडीवर बसायला," मास्तर म्हणायचे. "पोरं न्हाई गेली. पोरं तटस्थ मुलखात जमली आन मनली, आमी एकमेकावर गोळी घालनार न्हाई. पुढं त्यातल्या किती जनानला घालावी लागली ते येगळं." मग रशियातल्या क्रांतीनंतर त्या घराच्या झालेल्या वाटण्या, एक तुकडा इकडे, एक तिकडे. मग हिटलरच्या छावण्यांत गेलेली पोरं, आणि दुसऱ्या युद्धानंतर उरलेल्यांनी पुन्हा मांडलेला संसार, तंबूंची मोठमोठी शिबिरं. सांगता सांगता ते कुणाकुणाचं गाव सांगायचे, कुणी कुठल्या कारखान्यात होता ते सांगायचे. आम्हाला वाटायचं, ही माणसं आत्ता जिन्यावरून वर येतील.

अशाच एका शिबिराला मास्तर तेविसाव्या वर्षी गेले होते. ऑस्ट्रियात, एका तळ्याकाठी. त्याआधी त्यांनी मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. एका तंबूत अकरा जण, नऊ देशांचे. त्यातला रामिरो चिलीचा, छापखान्यात खिळे जुळवणारा. तोडक्यामोडक्या इंग्रजीवर दोघांचं असं गूळपीठ जमलं, की तंबूतल्या बाकीच्यांनी कान झाकून घेतले. मास्तरांचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून रामिरोनं त्यांना गावावरून 'धर्मा' केलं. मास्तरांनी बदल्यात त्याच्याकडून आपला धर्माबादचा पत्ता गाण्यासारखा घोकून घेतला.

रामिरोच्या देशात एक रीत होती. चळवळीतला सोबती मेला, की सभेत त्याचं नाव पुकारायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या वतीनं ओरडायचं: हजर! शिबिराच्या शेवटच्या दिवशी तंबूतल्या अकरा जणांनी ही रीत उचलली आणि तिला आपली एक जोड दिली. दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, शिबिराच्या घड्याळानं भर दुपारी बारा वाजता, ज्यानं त्यानं आपापल्या गावी सगळ्यांची हजेरी घ्यायची. जानेवारी रामिरोनं ठरवला. नवं वर्ष लागलं, की कोण उरलंय ते आधी बघून घ्यावं, असं तो म्हणाला होता. तिथले बारा म्हणजे आपले साडेचार.

मास्तरांकडे त्यासाठी एक लांबट, कापडी बांधणीची वही होती. वरच्या अंगाला जिवंतांची नावं, खालच्या अंगाला गेलेल्यांची. खालचं नाव वाचलं, की आम्ही सगळ्यांनी ताबडतोब ओरडायचं, "हजर!" वरचं नाव वाचलं, की कुणी तोंड उघडायचं नाही. दहा श्वास गप्प बसायचं. "जितं मानूस आपली ओ आपन देतं," मास्तर बजावायचे. "आपन मधी तोंड घालू नये. आन घाई करू नये. लांबून यायचं असतं आवाजाला."

ते दहा श्वास मी अजून विसरलेली नाही. खाली पिंजाऱ्याचं दुकान रविवारी बंद. गल्लीत दुपारची सामसूम. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन वहीवर पडलेला. आणि रामिरोचं नाव घेतलं, की खालच्या बंद दुकानातून अगदी बारीक घूं असा आवाज यायचा. पिंजाऱ्यानं यंत्र आणल्यापासून त्याच्या आज्याची जुनी, धनुष्यासारखी पिंजण तिथं भिंतीवर नुसती टांगलेली होती. तिची आतड्याची तात कुणी न छेडता वाजायची. बाकी कुठल्या नावाला नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. आमच्या घरात वडिलांनी बुद्धवंदना शिकवली, गंडेदोरे नाही. मी मास्तरांना म्हटलं, वारा असेल. ते म्हणाले, "आसंल की." पण खाली जाऊन शटर बघायचं धाडस मी केलं नाही.

रामिरो वरच्या यादीत होता खरा, पण तो जिवंत आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिबिरानंतर दोनेक वर्षांत तिकडं लष्करानं सत्ता घेतली आणि त्याची पत्रं थांबली. मास्तरांनी धाडलेली सगळी परत आली. मग इकडं आणीबाणी लागली आणि मास्तर स्वतःच दीड वर्ष तुरुंगात गेले. सुटून आल्यावर तंबूतल्या एकीचीच पत्रं चालू राहिली, इंगा नावाच्या जर्मन परिचारिकेची. तिलाही रामिरोचा पत्ता नव्हता. लोक मास्तरांना सांगायचे, त्याला कधीच मारलं असेल, घ्या नाव खाली. मास्तर भांडायला उठायचे. "परेत बगितलं का तुमी? न्हाई ना? मग त्याची जागा हलवनार न्हाई." त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. रामिरोचं काय झालं एवढं कळायला हवं होतं.

एकदा माझ्याच हातून चूक झाली. दुसऱ्या वर्षाची गोष्ट. मी शेंगा सोलण्यात गुंग होते, मास्तरांनी "इंगा" म्हटलं आणि मी सवयीनं ओरडले, "हजर!" एकटीच. इंगा वरच्या यादीतली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तरांनी वही मिटली, चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले. होळीच्या आसपास इंगाच्या मुलीचं पत्र आलं. जानेवारीतल्या त्याच रविवारी, सकाळी, आई गेली. मी ते पत्र वाचून रडू लागले. मास्तरांनी माझ्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. "रडू नको माय. तू काई केलं न्हाईस. तुला आमच्या आधी कळलं, येवढंच." त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात कुणाच्याही नावाला ओ द्यायला घाबरत होते.

वर्गात दत्ता नावाचा एक वात्रट पोरगा होता. एका वर्षी तो दाराआड लपला आणि रामिरोच्या नावानंतरच्या शांततेत घोगरा आवाज काढून म्हणाला, "हजर!" पोरं फिस्सकन हसली. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी दत्ताला समोर बसवून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तू बोललास ते कळलं. तुझ्यासंगं दुसरं कोन बोललं?" दत्ताचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मास्तर, मलाबी तेच इचारायचं व्हतं." नंतर तो वर्गात यायचा बंद झाला. परवा नांदेडच्या बसस्थानकावर भेटला, दोन लेकरांचा बाप झालाय. मी तो विषय काढल्यावर त्यानं लगेच निलंग्याच्या गाडीची चौकशी सुरू केली.

ओ देण्याबद्दल मी मास्तरांना एकदाच सरळ विचारलं, "तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं?" ते म्हणाले, "धर्मा मनून हाक येते. जेलातनं सुटलो, त्या जानेवारीपासून येऊन राहिली. ह्या नावानं मला दुनियेत एकच मानूस बोलवायचा." मग जरा थांबून, "पर आवाज एकाचा नसतो गं. लई जनाचा असतो. ते मला कळत न्हाई." मी सुशील्याची ताटली उचलून मोरीत नेऊन ठेवली.

शिक्षण संपलं, मी लातूरला एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले. तरी जानेवारीतला तो रविवार चुकवला नाही. पाचेक वर्षांमागे रामिरोच्या नावानंतर पिंजण वाजली नाही. दहा श्वास झाले, वीस झाले. मास्तर म्हणाले, "यंदा न्हाई बोलला." ते एकदम म्हातारे दिसू लागले. हातातली शेंग तशीच राहिली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की हे कोडं मास्तर असेपर्यंत सोडवायचंच.

ग्रंथपालाला दुसरं काही येवो न येवो, पत्रं पाठवता येतात. तंबूसमोरच्या फोटोची प्रत आणि अकरा नावं मी युरोपातल्या कामगार चळवळीच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांना धाडत राहिले. तीन-साडेतीन वर्षं बहुतेकांनी फक्त आभार मानले. मग गेल्याच्या गेल्या वर्षी, पावसाळ्यात, तो फोटो बघून स्वीडनहून एका मुलीचा मेल आला. एलिसा. रामिरोची नात.

रामिरो वाचला होता. रात्रीतून देश सोडून पळाला, सगळे पत्ते मागे राहिले, पाठ होता तो एकच. स्वीडनला पोचल्यावर पहिलं पत्र त्यानं धर्माबादला टाकलं. ते परत आलं. एलिसानं त्या पाकिटाचा फोटो पाठवला होता. पत्त्यावर आडवी रेघ आणि शेजारी वाकड्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, की सदर इसम मयत आहे. तेव्हापासून दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी बारा वाजता त्यांच्या गावातल्या सभागृहात चिलीहून परागंदा झालेली माणसं, त्यांची पोरं-नातवंडं, गावातले तरुण असे चाळीसेक जण जमतात, आपल्या मेलेल्यांची नावं पुकारतात, आणि त्यात एक नाव धर्मा. रामिरो गेला त्याला आता काही वर्षं झाली, असं तिनं लिहिलं होतं. मी तारीख पाहिली. पिंजण न वाजलेल्या जानेवारीच्या आधीचा नोव्हेंबर.

मी पहिल्या गाडीनं नांदेड गाठलं. रामिरो गेल्याचं सांगितल्यावर मास्तरांनी मान हलवली, जणू ते त्यांना माहीत होतं. पण पाकिटाचा फोटो त्यांनी फोन डोळ्यांपाशी धरून फार वेळ पाहिला. "अण्णाचं अक्षर," ते म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, कधीच वारलेले. "मला आत नेलं तवा घराची झडती झाली. परदेशी पत्रं बगून फौजदारानं अण्णाला लई दमात घेतलं व्हतं. त्यात हे पत्र आलं, काय करावं त्यानं? भ्याला आसंल बिचारा. माझा जीव वाचवायपायी मारून टाकलं मला." आणि ते हसू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग नुसतंच पाणी राहिलं. पन्नास वर्षं ज्या मित्राला त्यांनी जिवंतांत जपून ठेवलं, त्या मित्रानं त्यांना तेवढीच वर्षं मेलेल्यांत जपलं होतं.

मी म्हटलं, "आजच कळवते एलिसाला, तुम्ही आहात म्हणून."

"नगं," मास्तर म्हणाले. "जित्याच्या नावाला सगळे गप बसतेत. मेलेल्याच्या नावाला चाळीस जन वरडतेत. येवढे वरस लोक माझ्या नावानं वरडून राहिले, ते आता बंद कामून करायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकच इचार तिला. माझी ओ कधी तिकडं ऐकू आली का?"

मी आडवळणानं विचारलं. एलिसाचं उत्तर आलं: नाही, कधी काही ऐकू आलेलं नाही, आणि येणार कसं, नाव घेतलं की लगेच सगळे एका सुरात ओरडतात, मध्ये कुणी थांबतच नाही. मास्तरांनी ते ऐकलं आणि ते खिडकीकडे बघत बसले. इतके हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मंजे मी हितनं बोलायचो, आन ते तितनं वरडायचे, एकाच टायमाला," ते म्हणाले. "तिला लिव्ह माय. यंदा माझ्या नावानंतर दहा श्वास थांबा मनावं. एकडाव. आवाज पोचतो का न्हाई, येवढं मला कळू दे." मी त्यांच्यासमोरच लिहिलं. एलिसानं कारण विचारलं नाही. थांबू, असं कळवलं.

जानेवारीची वाट बघणं मात्र मास्तरांच्या नशिबी नव्हतं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, भर दुपारी, ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पिंजारी चहा घेऊन वर आला तेव्हा त्यांची मान खिडकीकडे वळलेली होती. स्मशानातून परतल्यावर पिंजाऱ्यानं ती लांबट वही माझ्या हातात ठेवली. मी एलिसाला काहीच कळवलं नाही. काय कळवणार? तिच्या लेखी मास्तर पन्नास वर्षांपूर्वीच गेले होते.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा जण माडीत जमलो. सुशीला मी केला, तो चिकट झाला. साडेचारला मी वही उघडली. मास्तरांचं नाव खालच्या यादीत लिहायला माझा हात धजावला नव्हता, म्हणून ते वरच वाचलं आणि आम्ही गप्प राहिलो. दहा श्वास. तात वाजली नाही, खिडकी हलली नाही, काही म्हणजे काही झालं नाही. इतक्या वर्षांत त्या खोलीत मला कधी असं ओकंबोकं वाटलं नव्हतं. मास्तर इथं नाहीत, हे मला त्या क्षणी पटलं आणि मी वही मिटून सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडले.

आठ दिवसांनी, लातूरला घरी दुपारी भांडी आवरत होते, तेव्हा एलिसाचा मेल आला. तिनं हजेरीचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. लिहिलं होतं: तुम्ही सांगितलं तसे थांबलो. मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं. आम्ही वळून पाहिलं, तिथं खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्हाला ती भाषा कळत नाही. तुम्हाला कळते का बघा.

मी हात पुसले आणि फोन कानाला लावला. एका बाईच्या आवाजात नावं चालली होती, प्रत्येक नावानंतर चाळीस गळ्यांचा एक आवाज. मग ती म्हणाली, "धर्मा." शांतता. कुणीतरी खोकलं. मी श्वास मोजत होते. सातव्या श्वासाला, जरा लांबून आल्यासारखा, पण शाळेतल्या पोरासारखा स्वच्छ आवाज आला.

"हाव. हाय मी हितं."

मी खाली फरशीवर बसले. भीती वाटली का, तर वाटली. पण त्याहून जास्त आनंद झाला, असा की छातीत मावेना. मग तेच पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. त्या वाक्यानंतर मास्तरांनी श्वास घेतल्याचा आवाज येत होता, आणि तेवढ्यात सगळे ओरडले होते.

संध्याकाळी मी एलिसाला उत्तर लिहिलं. ही आमच्याकडची भाषा आहे. हो, मी इथं आहे, असं ते म्हणताहेत. आणि खाली आणखी दोन ओळी लिहिल्या: पुढच्या वर्षी दहा श्वासांवर थांबू नका, अजून जरा वाट बघा. आमच्या मास्तरांचं बोलणं एका वाक्यात कधीच संपत नाही.